संगणक, सहा स्पीकर आणि अण्णांचे कान

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरच्या संगणकाला सहा स्पीकरांचा संच जोडला. पडद्यावर चित्र, चहूबाजूंनी आवाज, म्हणजे घरीच चित्रपटगृह, अशी कल्पना. मी पदार्थविज्ञानाचा शिक्षक. तरंगांचे प्रकरण वीस वर्षे शिकवीत आलो आहे. तेव्हा माहितीपुस्तिका वाचण्याची मला गरज वाटली नाही, हे आधीच कबूल करून टाकतो.

पहिल्याच रात्री मराठी चित्रपट लावला. पावसाचा आवाज मागून आला, घरातली मुले खूष झाली. अर्ध्या तासाने अण्णा म्हणाले, "काय की रे, ही माणसं नुसती हुंकारतात. शब्दच कळंना झालाय." मी आवाज वाढविला. पाऊस वाढला, शब्द काही वाढले नाहीत. अण्णांचे वय अठ्ठ्याहत्तर. "कान गेले बहुतेक," असे म्हणून ते उठून आत गेले. त्यानंतर पंधरा दिवस ते चित्रपटाला बसलेच नाहीत आणि आम्ही कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

येथे थोडे विज्ञान सांगावयास हवे. बोलण्यातील स्वरांचा जोर खालच्या कंप्रतेत असतो. पण 'त' की 'प', 'स' की 'श', हे ठरविणारी व्यंजने मुख्यतः 2000 हर्ट्झच्या वर ओळखू येतात. वार्धक्यात श्रवणशक्ती कमी होते ती प्रथम वरच्याच कंप्रतेची. त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला आवाज ऐकू येतो, पण शब्द लागत नाही. अण्णांची तक्रार या वर्णनात इतकी चपखल बसत होती की यंत्राचा संशय मला आलाच नाही.

तो आला आमच्या वर्गातील एका कन्नड विद्यार्थ्याला. वही द्यायला म्हणून घरी आला होता. चित्रपट चालू होता. त्याने सहज टेबलाखाली ठेवलेल्या मोठ्या पेटीला, म्हणजे सबवूफरला, कान लावला आणि म्हणाला, "सर, मातु इल्लि इदे!" बोलणे इथे आहे! मी वाकून ऐकले. खरोखरच नायक आणि नायिका दोघेही टेबलाखाली बसून हुंकारत होते आणि पडद्याखालचा मधला स्पीकर जवळजवळ मुका होता.

हे कसे घडले ते समजण्यासाठी 5.1 या आकड्याचा अर्थ पाहू. पाच पूर्ण वाहिन्या : पुढे डावी, मधली व उजवी, मागे डावी व उजवी. वरचा '.1' म्हणजे सुमारे 120 हर्ट्झपर्यंतचा केवळ घनगंभीर आवाज देणारी सहावी वाहिनी. चित्रपटातील संवाद बहुतांशी मधल्या वाहिनीत भरलेले असतात. ही मधली वाहिनी आजची नव्हे. 1933 साली बेल प्रयोगशाळेने फिलाडेल्फियातील वाद्यवृंद तारेवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकविला, तेव्हाही वाहिन्या तीन होत्या. मध्ये स्पीकर नसेल तर बाजूला बसलेल्या श्रोत्याला मधला आवाज जवळच्या स्पीकरातूनच आल्यासारखा वाटतो, ही अडचण जुनी आहे.

आता आमची चूक. संगणकाच्या पाठीमागे रंगीत छिद्रे असतात : हिरवे पुढच्या जोडीचे, काळे मागच्या जोडीचे, नारिंगी मधला स्पीकर व सबवूफर यांचे. नारिंगी पिनेच्या टोकाशी एक वाहिनी आणि त्यामागच्या कड्याशी दुसरी. कोणती कुठे, याबाबत सर्व संचांचे एकमत नाही! आमच्या संचात ती उलटी होती. संवाद सबवूफरकडे गेले आणि त्याने आपल्या स्वभावाप्रमाणे वरची सर्व कंप्रता गाळून फक्त हुंकार शिल्लक ठेवला. म्हणजे अण्णांच्या वयाने जे करायचे, ते यंत्रानेच करून ठेवले होते. पुष्कळ साउंड कार्डांच्या नियंत्रणफलकात या दोघांची अदलाबदल करण्याची खूण असते. ती केली आणि शब्द पडद्यापाशी परत आले.

मित्रहो, हा दोष शोधायला दोन मिनिटे पुरतात, ती मी दिली नव्हती. विंडोजमध्ये साउंडच्या प्लेबॅक यादीत आपले उपकरण निवडून 'कॉन्फिगर' दाबावे, 5.1 निवडावे आणि चित्रातील एकेका स्पीकरवर टिचकी मारावी. लिनक्सवाल्यांना 'स्पीकर-टेस्ट' ही आज्ञा आहे. टिचकी दुसऱ्याने मारावी आणि आपण डोळे मिटून बोट दाखवावे. डोळे उघडे असले की कान पडद्याचे ऐकतात. मधला स्पीकर मुळात नसेलच, तर त्याच ठिकाणी त्याची खूण काढून टाकावी. मग संगणक संवाद डाव्या-उजव्यात वाटून देतो. नसलेला स्पीकर 'आहे' म्हणून सांगितलात, तर संवाद हवेत जातात.

ज्यांच्याकडे तीन तारांऐवजी रिसीव्हर आहे, त्यांची अडचण निराळी. प्रकाशतंतूची तार लावली की सहाही वाहिन्या जातील असे अनेकांना वाटते. गणित करून पाहा. सेकंदाला 48,000 नमुने, प्रत्येकी 16 बिट, दोन वाहिन्या : 15,36,000 बिट. सहा वाहिन्यांना 46,08,000 बिट लागतील. ही जोडणी आखलेली आहे दोन सुट्या वाहिन्यांसाठी. मग डीव्हीडीचा 5.1 आवाज तिच्यातून जातो कसा? तो डॉल्बी डिजिटलमध्ये आवळून भरलेला असतो, सेकंदाला जास्तीत जास्त 4,48,000 बिट. मात्र ही पुरचुंडी संगणकाने न सोडता तशीच पुढे दिली पाहिजे. चित्रपट दाखविणाऱ्या प्रोग्राममध्ये यासाठी 'पासथ्रू' अशी निवड असते. ती केल्यावर संगणकाची आवाजाची पट्टी निकामी होते. घाबरू नये, आता आवाज रिसीव्हरवरून कमीजास्त करावयाचा.

एचडीएमआय तारेतून आठ वाहिन्या न आवळता जातात, म्हणून शक्य तर तीच वापरावी, पण थेट रिसीव्हरपर्यंत. मध्ये टीव्ही घातला तर तो पुष्कळदा संगणकाला "मला दोनच वाहिन्या समजतात" असे कळवतो आणि 5.1 ची निवड यादीतून नाहीशी होते. सीमाभागात राहणाऱ्यांना मधल्या दुभाष्याने काय होते हे वेगळे सांगायला नको.

राहता राहिले अंतर. आपल्या घरी सोफा भिंतीला टेकलेला, त्यामुळे मागचे स्पीकर कानाशी. ते 1 मीटरवर आणि पुढचे 3 मीटरवर असतील, तर ध्वनीच्या सेकंदाला 343 मीटर या वेगाने मागचा आवाज सुमारे 6 मिलिसेकंद आधी पोहोचतो. दोन्हीकडे एकच आवाज असेल, तर आधी आलेला आवाज दिशा ठरवितो, हे हास यांनी 1949 साली दाखविले. रिसीव्हरमध्ये प्रत्येक स्पीकरचे अंतर खरे भरले तर तो जवळच्यांना तेवढे थांबवून धरतो. आमच्या साध्या संचात ती सोय नाही. मी मागचे दोन स्पीकर भिंतीवर उंच टांगले आणि त्यांचा आवाज उतरविला. शास्त्रशुद्ध नव्हे, पण चालते.

डॉक्टरांकडे आम्ही गेलोच. अण्णांच्या कानांत वयाप्रमाणे थोडी कमतरता निघाली, मधल्या स्पीकरचा आवाज एक-दोन घरे चढविला की भागण्याइतकी. तो त्यांनी आता स्वतःच चढविला आहे. रविवारी तोच चित्रपट पुन्हा लावायला सांगितला आणि संपल्यावर म्हणाले, "गोष्ट काही खास नव्हती रे. शब्द कळंना झाले होते तेव्हा बरी वाटली होती."