पाडण्याची नोटीस येण्याआधी

वारसा म्हटलं की पालघरकराला केळव्याचा किंवा शिरगावचा किल्ला आठवतो. स्टेशनरोडवरची सिमेंटची जाळी, लांब आडवा छज्जा आणि मोझॅकची फरशी असलेली दुमजली आरसीसी इमारत आठवत नाही. पण तारापूरची अणुभट्टी १९६९ साली वीज देऊ लागली, मागोमाग कारखाने आले, आणि हा पट्टा शहरी झाला तो अशाच इमारतींत. आता बोईसरला बुलेट ट्रेनचं स्थानक होतंय, वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. जागेचा भाव चढला की बुटक्या इमारती आधी पडतात. एखादी वाचवायची असेल तर पुढच्या क्रमाने कामाला लागा.

आधी मालकाला भेटा. त्याला वगळून काढलेला मोर्चा इमारत वाचवत नाही, फक्त बिल्डरला सावध करतो. पागडीचे भाडेकरू असतील तर त्यांचंही म्हणणं लिहून घ्या.

मग परवानगी देणारं कार्यालय नक्की करा. पालघर शहरात नगरपरिषद. तारापूरच्या औद्योगिक क्षेत्रात नियोजन प्राधिकरण खुद्द एमआयडीसी. बोईसरचं जुनं दप्तर ग्रामपंचायतीत. तिथून घरपट्टीचा उतारा आणि मुख्य म्हणजे मंजूर नकाशा मिळवा. मालमत्ता पत्रक भूमी अभिलेख कार्यालयातून किंवा सातबारा तलाठ्याकडून घ्या. जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, त्यामुळे त्याआधीच्या महसुली कागदांसाठी ठाण्याची वारी करावी लागू शकते. कोणी दाद देत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज: दहा रुपये शुल्क, एकच विषय, मजकूर १५० शब्दांत. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर प्रथम अपील करा.

आता खरी लढाई. इमारतीचं भवितव्य तिच्या सौंदर्यावर ठरत नाही, स्ट्रक्चरल ऑडिटच्या एका शेऱ्यावर ठरतं. ‘सी-१’ म्हणजे अतिधोकादायक, पाडा. ‘सी-२ए’ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करा, ‘सी-२बी’ म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करा, ‘सी-३’ म्हणजे किरकोळ काम. पुनर्विकासात ज्याचा पैसा गुंतला आहे त्याने नेमलेल्या अभियंत्याच्या अहवालावर थांबू नका. स्वतंत्र अभियंता नेमा आणि नुसत्या डोळ्यांनी पाहून दिलेला शेरा स्वीकारू नका. हॅमर आणि अल्ट्रासॉनिक चाचणी, काँक्रीटचा कोअर, सळ्यांच्या गंजासाठी हाफ-सेल आणि काँक्रीटमधल्या क्लोराइडचं प्रमाण, एवढं अहवालात हवंच. आपल्याकडे समुद्राची खारी हवा आणि रसायन कारखान्यांचा धूर दोन्ही आहेत. सळ्या आतून गंजतात, फुगतात आणि काँक्रीट फोडतात. एक सोपी चाचणी तुमच्या डोळ्यांदेखत करून घ्या: काँक्रीटच्या ताज्या तुकड्यावर फिनॉलफ्थॅलिन शिंपडायचं. गुलाबी झालं तर त्या भागातली सळीला जपणारी अल्कता टिकून आहे, रंग आला नाही तर ते संरक्षण गेलं. क्लोराइडचा धोका मात्र या चाचणीत कळत नाही. डहाणू-तलासरीत नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के बसत आले आहेत, म्हणून भूकंपाचा हिशेबही मागा. आणि स्वतंत्र अहवालातही ‘सी-१’ आलं तर माणसं बाहेर काढा. तिथे हट्ट नको.

दुरुस्तीची सुरुवात पाण्यापासून: गच्ची, पन्हळी, संडासाच्या नळ्या. गळती थांबल्याशिवाय खांबाला हात लावू नका. त्यानंतर सुटं काँक्रीट सळीच्या मागेपर्यंत काढायचं, गंज घासायचा, गंजरोधक लेप, मग पॉलिमर मॉर्टर. वरून गिलावा फासून रंग देणं ही दुरुस्ती नव्हे, लपवालपवी आहे.

याच काळात मोजमापी नकाशे आणि सगळ्या बाजूंचे फोटो करून घ्या. वास्तुकलेचे विद्यार्थी हे काम आनंदाने करतात. सोबत दोन पानांचं टिपण: कोणी बांधली, कधी, गावाच्या दृष्टीने तिचं काय. एमआयडीसी क्षेत्र वगळता एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार वारसा यादी करता येते: नियोजन प्राधिकरण मसुदा काढतं, हरकती-सूचना घेतं, शासन मंजुरी देतं. गावच्या इमारतीसाठी श्रेणी ३ मागा. तिच्यात बदलांना वाव असल्याने मालक बिथरत नाही.

यादी उशिरा हाती घेतली तर काय होतं ते दिल्लीत दिसलं. राज रेवाल आणि अभियंता महेंद्र राज यांचा १९७२ चा हॉल ऑफ नेशन्स एप्रिल २०१७ मध्ये रातोरात पाडला गेला, कारण वारसा समितीने साठ वर्षांखालच्या इमारतींचा विचारच केला नाही. मुंबईत मात्र ओव्हल आणि मरीन ड्राइव्हची आर्ट डेको घरं २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली.

शेवटी वापर. रिकामी इमारत टिकत नाही. तळमजल्याचे गाळे चालू ठेवा, वर वाचनालय, दवाखाना, अभ्यासिका, जे भाडं देईल ते आणा. दर्शनी भिंत ठेवून मागे टॉवर उभा करण्याचा प्रस्ताव अगदी नाइलाज झाला तरच स्वीकारा.

तुमच्या ओळखीची अशी एखादी इमारत असेल तर तिच्या मंजूर नकाशाच्या नकलेसाठी याच आठवड्यात अर्ज टाका.