कार्यक्रमाचा फराळ आठवडाभर आधी

घरी कार्यक्रम असला की आई-बहिणी आदल्या रात्रीपासून चुलीपाशी आणि कार्यक्रम बाहेरच्या खोलीत, असे का व्हावे? काही पदार्थ आधी करून गोठवता येतात.

कोथिंबीर वडी उकडून, गार करून कापावी, तळू नये. वड्या ताटात सुट्या मांडून गोठवाव्यात, मग घट्ट झाकणाच्या डब्यात भराव्यात. म्हणजे एकमेकींना चिकटत नाहीत. गोडात ओल्या नारळाच्या लहान वड्या अशाच टिकतात. बटाट्याच्या सारणाला मात्र पाणी सुटते. ते ताजेच करावे.

लक्षात ठेवा, थंडीने जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ फक्त थांबते. म्हणून शिजवलेला पदार्थ २ तासांच्या आत फ्रीझरमध्ये जावा. फ्रीझरचे तापमान उणे १८ अंश सेल्सिअस हवे. एका दाराच्या फ्रीजमधील बर्फाच्या कप्प्यात बहुधा एवढी थंडी नसते. तिथे २-३ दिवसांपुरतेच ठेवावे.

वड्या आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवाव्यात, ओट्यावर नव्हे. तळताना आतपर्यंत कडकडीत गरम कराव्यात. वीज जाऊन पदार्थ नरम पडला, तर पुन्हा गोठवू नये.