हिंमत नाही, की चष्मा नाही?



गेल्या वर्षावासातली गोष्ट. खालापूर तालुक्यातल्या एका विहारात रविवारची वंदना झाल्यावर आम्ही बायकांचे नोकरीचे अर्ज भरायला बसलो होतो. खोपोलीतल्या एका खाजगी दवाखान्याला आया हव्या होत्या. शेहेचाळीस वर्षांच्या एका ताईंनी अर्ज हातात घेतला, जरा वेळ पाहिला आणि परत दिला. म्हणाल्या, "शिकलेलं सगळं विसरले बाई. आता या वयात मला कुठं जमणार?" ताई दहावी पास आहेत. आम्ही तोच अर्ज त्यांच्यासमोर हातभर लांब धरला. ताईंनी तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. त्या काहीच विसरल्या नव्हत्या. त्यांना चाळिशी लागली होती.

तेव्हापासून कुणी "हिंमत होत नाही" म्हटलं, की आम्ही "हिंमत धरा" असं लगेच सांगत नाही. आधी विचारतो, नेमकं काय होतं? तापाला जसं कारण असतं, तसं भीतीलाही असतं. कारण सापडलं तर उपाय सापडतो.

आधी शरीर तपासा

चाळिशीनंतर जवळचं अंधुक दिसणं हा आजार नाही. वयानं ते सगळ्यांनाच होतं. डोळे तपासून वाचायचा चष्मा घेतला की काम भागतं.

दुसरं कारण रक्ताचं. जिना चढताना धाप लागते, सारखं थकल्यासारखं वाटतं, कशात मन लागत नाही. अशा वेळी हिमोग्लोबिन तपासून घ्या. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. पाळीत अंगावरून जास्त जात असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, लाजू नका. लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्या चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या.

तिसरं कारण पाळी जाण्याच्या आधीचा काळ. अचानक अंगातून वाफा निघतात, घाम फुटतो, रात्री झोप लागत नाही, ऐन वेळी शब्द आठवत नाही, चिडचिड होते. बाईला वाटतं, आपलं डोकं चालेनासं झालं. तसं नसतं. हा काळ पुढे सरतो आणि त्रास फार असेल तर त्यावर उपचार आहेत. शुगर, बीपी आणि थायरॉइडही तपासून घ्या. कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय किंवा जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा, गावच्या आशाताईंना सोबत घ्या.

एक इशारा. छातीत दुखून कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, दम कोंडत असेल, चक्कर येऊन पडायला होत असेल, तर त्याला "टेन्शन" म्हणून घरी बसू नका. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

नकार म्हणजे आपली लायकी नाही

काही भीती शरीरातली नसते, ती आपल्याला बाहेरून मिळालेली असते. नागपूरच्या कुमुद पावडे संस्कृतात एम.ए. झाल्या. पण दलित मुलगी संस्कृत शिकवणार म्हटल्यावर मुलाखतीत त्यांच्या वाट्याला हेटाळणी आली. पुढे आंतरजातीय लग्न झालं, सोमकुवरच्या त्या पावडे झाल्या आणि सरकारी महाविद्यालयात नोकरी मिळाली. पदवी तीच, बाई तीच, फक्त आडनाव बदललं होतं. 'अंतःस्फोट' या पुस्तकात त्यांनी हे स्वच्छ लिहून ठेवलं आहे. बाबासाहेब १९१८ साली मुंबईच्या सिडनॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तेव्हाही पाण्याच्या भांड्यावरून काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली होती. तरी त्यांची व्याख्यानं ऐकायला बाहेरच्या कॉलेजांतली मुलं येऊन बसू लागली.

म्हणून नकार आला की लगेच स्वतःला कमी समजू नका. आपली तयारी कुठं कमी पडली ते पाहा. ती कमी पडली नसेल, तर दोष समोरच्याचा आहे हेही ओळखा.

"घरी बसून काय केलंत?"

ही वेळ हे पान लिहिणाऱ्या आमच्यावरही आली आहे. नर्सिंगचा डिप्लोमा, नोकरी, मग मुलं लहान म्हणून घर. बारा वर्षांनी पुन्हा मुलाखतीला गेलो. साहेबांनी फाइल न उघडता विचारलं, "एवढी वर्षं घरी बसून काय केलंत?" आम्ही म्हणालो, "काही नाही." आणि उठून आलो. परतीच्या लोकलमध्ये बसल्यावर आठवलं, सासूबाईंना अर्धांगवायू झाला होता. दोन वर्षं दर दोन तासांनी त्यांची कूस बदलली, पाठीला एक जखम होऊ दिली नाही. ते नर्सिंगच होतं. पण सांगायच्या वेळी तोंडातून निघालं नाही.

तुम्हीही आज रात्री वहीत लिहून काढा. बचत गटाचा हिशेब ठेवला? "पैशांची नोंद ठेवता येते" असं लिहा. पन्नास माणसांचं भोजनदान रांधलं? किती किलो तांदूळ लागला ते तुम्हाला तोंडपाठ आहे, कँटीनवाल्याला तेच हवं असतं. मग हे बोलून पाहा. वर्षावासात भरल्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मोठ्यानं वाचणाऱ्या बाया आम्हाला सांगतात, तीन माणसांसमोर बोलायला भीती वाटते! तो आवाज आहे तुमच्याकडे. मैत्रिणीला साहेब करा, समोर बसवा आणि पाच वेळा उत्तरं द्या. सहाव्या वेळी जीभ अडखळणार नाही.

वयाची अट वाचल्याशिवाय मागे फिरू नका

राज्य सरकारच्या नोकरीत मागासवर्गीयांसाठी वयाची सर्वसाधारण मर्यादा ४३ आहे. आशा म्हणून २५ ते ४५ वयाच्या गावातल्याच बाईला घेतात. तिथं पगार नसतो, मानधन आणि कामाप्रमाणे मोबदला असतो, हे समजून घ्या. प्रत्येक पदाची अट वेगळी असते, म्हणून जाहिरात पूर्ण वाचा. डिप्लोमा झालेल्या भगिनींनी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी पाहावी. तिचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं.

शाळा सोडल्याचा दाखला, मार्कशीट, जातीचा दाखला, आधार आणि फोटो एका फाइलीत ठेवा. झेरॉक्सचे तीन संच करा, मूळ कागद कुणाच्या ताब्यात देऊ नका. नोकरी लावतो म्हणून पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

मुलाखतीच्या दिवशी

उपाशीपोटी जाऊ नका. भाकरी खाऊन, पाणी पिऊन निघा. बीपी-शुगरची गोळी चुकवू नका. खोपोलीच्या गाड्या कमी, म्हणून एक गाडी आधीची धरा. बाहेर बसल्यावर छाती धडधडली तर चार मोजेपर्यंत श्वास आत घ्या, सहा मोजेपर्यंत सावकाश सोडा. असं दहा वेळा करा. श्वास सोडायला जास्त वेळ घेतला की धडधड उतरते. आनापान केलेल्या भगिनींना श्वासावर लक्ष ठेवणं नवीन नाही.

आत गेल्यावर फक्त उत्तरं देऊ नका, विचाराही. पगार किती? सुट्टी कोणती? पीएफ कापणार का? ईएसआयचं कार्ड मिळणार का? रात्रपाळी असेल तर घरी सोडायला गाडी आहे का? विचारणारी बाई उद्धट ठरत नाही, काम समजणारी ठरते.

त्या ताईंचं काय झालं? चष्मा आला. पहिल्या दवाखान्यानं त्यांना घेतलं नाही. त्या रात्री रडल्या, आम्हाला फोन केला. पुढच्या रविवारी दुसरा अर्ज घेऊन विहारात आल्या. आम्ही पेन काढलं, तर म्हणाल्या, "राहू द्या. माझा मीच भरते."

तुमच्याही वस्तीत येत्या रविवारी वंदनेनंतर अर्धा तास थांबा. फाइल घेऊन या, आणि शेजारणीलाही घेऊन या.

जयभीम!