विश्वासाचे धन

एके काळी आंबेनळीसारख्या घाटवाटांनी उतरलेला माल महाडच्या बंदरात येई व तेथून गलबतांनी मुंबईस जाई. मुंबईच्या बाजारपेठेत मालाइतकेच व्यापाऱ्याच्या शब्दालाही मोल असे. ज्यांच्या शब्दावर त्या बाजाराने डोळे मिटून विश्वास ठेवला, ते व्यापारी म्हणजे जगन्नाथ शंकरशेट ऊर्फ नाना.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी मुरबाड येथे झाला. १८२२ साली वडील निवर्तले आणि ऐन तारुण्यात पेढीचा भार त्यांच्या शिरावर आला. त्यांची सचोटी अशी, की अरब व अफगाण व्यापारीदेखील आपले धन निःशंकपणे त्यांच्या स्वाधीन करीत.

नानांनी ही पत केवळ धनसंचयासाठी वापरली नाही. ते सरकारी शिक्षण मंडळाचे सभासद होते. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा कल इंग्रजी शिक्षणाकडे होता. इंग्रजीचे महत्त्व नानाही जाणत होते; परंतु सामान्य जनांपर्यंत ज्ञान पोचायचे तर ते मातृभाषेतूनच दिले पाहिजे, हे मत त्यांनी निर्भयपणे मांडले. मुलींनी शिकावे हे अनेकांना रुचत नसे, त्या काळी, १८४९ साली, त्यांनी गिरगावातील आपल्या वाड्याच्या आवारात मुलींच्या शाळेस जागा दिली.

२६ ऑगस्ट १८५२ रोजी ‘बॉम्बे असोसिएशन’ ही राजकीय संस्था स्थापन झाली. तिचे नेतृत्व नानांकडे होते. राज्यकारभारात हिंदी लोकांना स्थान मिळावे, असा अर्ज संस्थेने थेट इंग्लंडच्या पार्लमेंटकडे धाडला. पुढे १८५७ च्या उठावात सरकारला खुद्द नानांचाच संशय आला. परंतु पुरावा न मिळाल्याने तो फोल ठरला. एवढे होऊनही त्यांनी लोककार्य सोडले नाही. १८६२ साली मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात सभासद म्हणून ते बसले. ज्या हक्कासाठी त्यांनी अर्ज केला होता, त्याचा तो आरंभ होता.

३१ जुलै १८६५ रोजी नाना निवर्तले. पेढीवर ठेवलेले धन सचोटीचा सावकार परत करतो. लोकांनी ठेवलेला विश्वास नानांनी विद्येच्या आणि हक्कांच्या रूपाने परत केला. म्हणूनच त्यांची पत त्यांच्या मागेही टिकून राहिली.

स्वाध्याय

१. नानांची सचोटी कशावरून दिसून येते?
२. मातृभाषेतील शिक्षणाविषयी नानांचे मत काय होते? तुम्हांला ते पटते काय? सकारण लिहा.