एम.एड. करायचंय म्हणतेस?

मग आधी एक सांग, कशासाठी? रागावू नकोस गं. तुझा एवढा लांब मेसेज मी दोनदा वाचला. त्यात कॉलेजांची नावं आहेत, फीचे आकडे आहेत, त्या ख्रिश्चन युनिव्हर्सिटीच्या माहितीपत्रकाचा फोटोही आहे, हिरवळ, चॅपल, गाऊन घातलेल्या मुली. फक्त ‘कशासाठी’ एवढंच नाही. मला ताई म्हणतेस, तर तेवढं विचारायचा हक्क माझा.

एम.एड. म्हणजे बी.एड.ची पुढची पायरी असं आपण धरून चालतो. पण ती पदवी मुळात शिक्षकांना शिकवणाऱ्यांसाठी आहे. उद्या तुला बी.एड. किंवा डी.एल.एड. कॉलेजात शिकवायचं असेल, तर ती लागणारच. मग बी.एड.ला पन्नास टक्के हवेत, राज्याची सीईटी द्यायची, आणि २०१५ पासून तो अभ्यासक्रम पूर्ण वेळ दोन वर्षांचा झालाय. तो पुन्हा एका वर्षाचा करण्याचं चाललंय, त्यामुळे फॉर्म भरशील त्या वेळचा नियम बघ, मैत्रिणीच्या वेळचा नको. पण पूर्ण वेळ म्हणजे पूर्ण वेळ. सकाळी आपल्या शाळेत सहावी ‘ब’ आणि दुपारी एम.एड.चा वर्ग, हे जमवून देतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याच्यापासून चार हात लांब राहा. हजेरी नुसती कागदावर लावून मिळालेली पदवी पुढे नेमकी मुलाखतीत आणि मान्यतेच्या वेळी उघडी पडते.

पगारासाठी म्हणत असशील तर तेही सरळ बोलू. आपली शाळा अनुदानित. बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी, चोवीस वर्षांनी निवड श्रेणी, आणि निवड श्रेणीला पात्रता वाढवलेली लागते. तुझी अजून सात वर्षंही झाली नाहीत. त्यासाठी आत्ताच पाटल्या गहाण टाकायची काही गरज नाही.

आता सासूबाईंचं. ‘ख्रिश्चनांच्या कॉलेजात कशाला, बाटवतील’ असं त्या म्हणाल्या, हे तू हसऱ्या चेहऱ्याच्या तीन स्मायली टाकून लिहिलंस. म्हणजे तुला ते लागलंय. त्यांच्याशी वाद घालू नकोस, एक गोष्ट सांग. सिंथिया फरार नावाची एक अमेरिकन बाई १८२७ मध्ये मुंबईला आली. अविवाहित, एकटी, मिशनची शिक्षिका. पुढे नगरला गेली, मुलींच्या शाळा चालवल्या, आणि १८६२ मध्ये तिथेच वारली. जोतीरावांनी नगरला जाऊन तिची शाळा पाहिली होती, आणि सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण तिच्याकडे नगरला आणि पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये घेतलं, असं चरित्रकार लिहितात. म्हणजे दर ३ जानेवारीला आपण शाळेत जिच्या फोटोला हार घालतो, ती टाचण काढायला मिशनरी बाईंकडे शिकली. सावित्रीबाई बाटल्या नाहीत, त्यांनी भिडे वाड्यात शाळा चालवली. सासूबाई सावित्रीबाईंचं नाव काढलं की गप्प बसतात, मला माहीत आहे.

आणि खरं सांगायचं तर त्या संस्थांची शिस्त मला आवडते. न्यू मरीन लाइन्सची सेंट झेवियर्स इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन जेझुइटांनी १९५३ मध्ये काढली. आपल्याकडची कितीतरी चांगली शिक्षक मंडळी तिथून बी.एड. करून आलीत. शिक्षक घडवणं हे मिशनांनी फार आधीपासून वेगळं काम मानलं. सराव पाठाला कोणीतरी शेवटच्या बाकावर वही घेऊन बसणार, आणि तास संपल्यावर तुझा फळा, तुझा आवाज, तुझा प्रश्न यावर बोलणार. माझ्या मते शिक्षकाच्या शिक्षणात यापेक्षा मोठं काही नसतं. कुठल्याही संस्थेत चौकशीला गेलीस तर इमारतीआधी हे विचार: माझ्या वर्गात येऊन माझा तास कोण बघणार, आणि किती वेळा?

राहिला धर्माचा प्रश्न. घटनेच्या कलम ३० नुसार अल्पसंख्याकांना स्वतःच्या संस्था चालवायचा हक्क आहे, त्यामुळे काही जागा त्या समाजासाठी राखीव, उरलेल्या तुझ्यामाझ्यासाठी खुल्या. सकाळची प्रार्थना असेल तर उभी राहा, आपल्या असेंब्लीत वेगवेगळ्या घरांतली मुलं उभी राहतातच की. पण संस्थेचे रोजचे नियम मात्र आधी विचारून घे. पुण्याला औंधमधलं स्पायसर अॅडव्हेंटिस्ट विद्यापीठ बघ. १९१५ मध्ये कोइम्बतूरला एक ट्रेनिंग स्कूल म्हणून सुरू झालं, १९४२ मध्ये पुण्याला आलं. अॅडव्हेंटिस्ट लोक शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी मावळेपर्यंत शब्बाथ पाळतात. तू म्हणशील, शनिवारी अर्धा दिवस शाळा करून पुण्याची गाडी पकडीन. तिथे शनिवारचं काहीच हाती लागणार नाही, हे नाहूरहून निघताना कळायला नको.

आणि याहून महत्त्वाचं. स्पायसरला विद्यापीठ करणारा कायदा महाराष्ट्राचाच आहे, २०१४ चा. तरीही तुझ्या जागी मी असते तर एक पत्र विद्यापीठाला लिहिलं असतं आणि एक आपल्या शिक्षण निरीक्षक कार्यालयाला: ही पदवी माझ्या सेवापुस्तकात धरली जाईल का? उत्तर लेखी हवं, फोनवरचं नको. बंगळुरूच्या क्राइस्टचं वेगळं आहे. ते सीएमआय पाद्रींचं, २००८ पासून अभिमत विद्यापीठ, आणि आता लवासालाही त्यांचा कॅम्पस आहे. पण लवासा म्हणजे रोजचं येणंजाणं नव्हेच, मुलीला कोणाकडे ठेवणार आहेस? अमेरिकेतल्या ख्रिश्चन विद्यापीठांच्या घरबसल्या मास्टर्सचंही तू लिहिलंयस. छान असतीलही. पण परदेशी पदवी इथे नोकरीत धरायला समकक्षतेचं प्रमाणपत्र लागतं, आणि डॉलरमधली फी रुपयांत मोजलीस की घरातले सगळे एकदम गप्प होतील. यूजीसीची यादी आणि एनसीटीईची मान्यता, एवढं दोन्हीकडे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पन्नास रुपयेसुद्धा भरू नकोस.

आता ते ‘कशासाठी’. मागच्या महिन्यात स्टाफरूममध्ये तू म्हणालीस, सेमी-इंग्रजीच्या वर्गात मुलं गुणाकार फटाफट करतात, पण शाब्दिक उदाहरण आलं की पेन खाली ठेवतात. भांडुपच्या डोंगरावरून येणारी ती पोरं गणितात ढ नाहीत, वाक्यात अडकतात, असं तुझं म्हणणं. अगं, हाच तर अभ्यासाचा विषय! कुठलंही कॉलेज तुला असा विषय देऊ शकत नाही, तो तुझ्याकडे आधीच आहे. मग पदवी अशी निवड की तू वर्गात राहून याच्यावर काम करू शकशील. इंग्रजीत दिलेलं उदाहरण मराठीत सांगितलं तर किती मुलं पुढे सरकतात, चित्र काढायला लावलं तर किती, स्वतःच उदाहरण रचायला दिलं तर काय होतं, हे तू सोमवारपासून एका वहीत लिहायला लाग. तारीख घाल, मुलांची उत्तरं जशीच्या तशी उतरव, चुकीची सुद्धा. चुकीची तर आवर्जून.

यासाठी एम.एड.पेक्षा एम.ए. एज्युकेशन तुला जास्त मानवेल, असं मला वाटतं. इग्नूचं आहे, दूरशिक्षणाने करता येतं, आणि त्यांचं प्रादेशिक केंद्र कितीतरी वर्षं आपल्या मुलुंडमध्येच आहे, एक स्टेशन पुढे. देवनारच्या टिसने २००६ मध्ये प्राथमिक शिक्षणातलं एम.ए. काढलं, तेही नोकरी करणाऱ्यांना डोळ्यासमोर ठेवून, एकलव्य आणि दिगंतरसारख्या संस्थांना सोबत घेऊन. मानखुर्दचं होमी भाभा केंद्रही त्यात होतं. आता टिसमध्ये काय चालू आहे ते जाऊन विचार, कुर्ल्याला हार्बर पकडलीस की गोवंडी जवळच. कालिन्याला मुंबई विद्यापीठाचा शिक्षण विभाग आहे, तिथेही एक चक्कर मार. आणि न्यू मरीन लाइन्सला जाच. आपल्या नाहूरला फास्ट थांबत नाही, पण स्लोने बसून जाता येतं, सीएसएमटीला उतरून आझाद मैदान ओलांडायचं. ख्रिश्चन संस्थेतच शिकायचा तुझा हट्ट असेल तर बाहेरगावचं माहितीपत्रक चाळण्यापेक्षा तिथल्या कोणा अनुभवी प्राध्यापकांशी बोल.

पण या सगळ्याच्या आधी टीईटी, शिक्षक पात्रता परीक्षा. तू ते मेसेजमध्ये एका ओळीत उडवलंस, म्हणून इथे जरा कान धरते. १ सप्टेंबर २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे: पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ असलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायची. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे गेलाय, पण आपली शाळा अल्पसंख्याक नाही आणि तू सहावीला शिकवतेस. नोकरीच डळमळीत असताना मास्टर्सच्या हिरवळीकडे कुठे बघतेस?

परीक्षेची जाहिरात आली की त्याच दिवशी फॉर्म भर, शेवटच्या रात्री साइट चालत नाही. बालमानसशास्त्राची माझी जुनी पुस्तकं माळ्यावर आहेत, दादाला पाठव, मी काढून ठेवते. आणि मुलीला शनिवारी दुपारी माझ्याकडे सोड, अभ्यासाला तेवढे चार तास सलग मिळतील.