खांद्यातील वेदनापंप आणि न्यायालयातील दावे

बालरोगतज्ज्ञाने खांद्याच्या सांध्याविषयी लिहावे, याचे अस्थिरोगतज्ज्ञ मित्रांना नवल वाटेल. परंतु माहितीपत्रकात ज्याला मान्यता नाही असा औषधाचा वापर आम्हा मंडळींच्या नित्य व्यवहारातला आहे. कित्येक औषधांच्या पत्रकात मुलांची मात्राच दिलेली नसते. म्हणूनच अमेरिकेतील वेदनापंपांच्या दाव्यांकडे माझे लक्ष वेधले गेले.

उपकरण तसे साधे आहे. फुग्यासारख्या लवचिक पिशवीत स्थानिक बधिरतेचे औषध भरायचे आणि तिला बारीक नळी जोडायची. फुगा आकसत जाईल तसे औषध हळूहळू आत उतरते. मॉर्फिनसारखी औषधे कमी लागतात, रुग्ण लवकर घरी जातो. पुढे दुर्बिणीतून केलेल्या खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर काही शल्यचिकित्सक ही नळी थेट सांध्याच्या पोकळीतच ठेवू लागले, आणि घात तिथे झाला. सांध्यातील कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिच्या पेशी सांध्यातील द्रवावर जगतात आणि एकदा नष्ट झाल्या की कूर्चा पूर्ववत होत नाही. खांद्याची पोकळी लहान. त्यात दोन-तीन दिवस बुपिव्हाकेन झिरपत राहिले की पेशी औषधातच बुडून राहतात.

२००७ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन'मध्ये एक लेख आला. सांध्यात पंपाची नळी ठेवलेल्या १९ खांद्यांपैकी १२ खांद्यांची कूर्चा नष्ट झाली होती. अभ्यास छोटा, पण प्रमाण हादरवणारे. नोव्हेंबर २००९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने अशा ३५ रुग्णांच्या नोंदींवरून इशारा दिला. बहुतेकांचा खांदाच बाधित होता. औषध ४८ ते ७२ तास दिलेले होते. वेदना व ताठरपणा काहींत दुसऱ्याच महिन्यात सुरू झाला आणि निम्म्याहून अधिकांना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, काहींना सांधा बदलण्याची. हे सारे एरवी धडधाकट असलेले तरुण! सांध्यातील अशा वापराला कोणत्याही पंपास आपण मान्यता दिलेली नाही, हेही एफडीएने तेव्हा स्पष्ट केले.

दावे मुख्यतः उत्पादकांवर झाले. जानेवारी २०१० मध्ये ओरेगॉनमधील ज्युरीने एका दाव्यात सुमारे ५५ लाख डॉलरची भरपाई दिली. सर्वांनाच असा न्याय मिळाला नाही. उत्पादक वेगळे, औषधे वेगळी, म्हणून सारे दावे एकत्र चालवण्यास संबंधित न्यायिक मंडळाने २००८ मध्ये नकार दिला होता. सहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाचा २०१२ चा निकाल मला सर्वांत विचारात पाडणारा वाटतो. त्यातील शस्त्रक्रिया २००४ ची होती, आणि त्या वेळी हा धोका उत्पादकाला वाजवीपणे कळणे शक्य नव्हते, असे न्यायालयाने ठरवले. सांध्यातील वापरासाठी कंपनीने पूर्वी परवानगी मागितली होती व ती मिळाली नव्हती, याकडे वादीने बोट दाखवले. त्यावर न्यायालयाचे म्हणणे असे, की ही प्रक्रिया बाजारातील जुन्या उपकरणाशी साम्य आहे का एवढेच पाहते. नकार म्हणजे धोक्याची सूचना नव्हे.

कायद्याच्या दृष्टीने हा युक्तिवाद सुसंगत असेल. मला मात्र तो पटत नाही. 'माहीत नव्हते' आणि 'कुणी तपासलेच नाही' यांत अंतर आहे, आणि ते अंतर इथे रुग्णाच्या खांद्याने भरून काढले. तोच पंप, तेच औषध. पण शस्त्रक्रियेची तारीख २००७ च्या अलीकडची की पलीकडची, यावर दाव्याचे बळ अवलंबून राहावे, हे जखमी माणसाला कसे समजावून सांगायचे?

पंप सरसकट वाईट, असा अर्थ वाचकांनी कृपया काढू नये. मज्जातंतूजवळ, सांध्याबाहेर नळी ठेवून वेदना शमवण्याची पद्धत वेगळी आहे आणि ती आजही उपयोगी आहे. घरातील कोणाची शस्त्रक्रिया असेल आणि पंपाची गोष्ट निघाली, तर नळी नेमकी कुठे ठेवणार, एवढे निःसंकोच विचारावे. डॉक्टरांनीही या प्रश्नाचा राग मानू नये. आपल्याकडे उपकरणांमुळे झालेल्या अपायांची नोंद घेणारा मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम २०१५ पासून गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमार्फत चालतो. तिकडे एखादी नोंद पाठवावी की नाही, असा संकोच आपल्यापैकी कोणाला वाटला, तर अमेरिकेतील तो इशारा अवघ्या ३५ नोंदींवर निघाला होता, हे ध्यानात असू द्यावे.