दोन मोनो की एक स्टिरिओ?

अगं, बोनसच्या पैशांतून दोन मोनो-ब्लॉक घ्यायचं नवऱ्याने मनावर घेतलंय, हे सांगून निर्णय मात्र माझ्या गळ्यात घातलास. बरं, सांगते. आधी एक गोंधळ काढून टाक. मोनो अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे मोनो आवाज नव्हे. डाव्या स्पीकरला एक पेटी, उजव्याला एक, प्रत्येकीचा ट्रान्सफॉर्मर वेगळा. ऐकू येतं ते स्टिरिओच. स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तेच दोन्ही चॅनल एका पेटीत, बहुधा एकाच ट्रान्सफॉर्मरवर चालतात.

वेगळं केल्याने फायदा होतो, खोटं कशाला बोलू. एका बाजूला ढोलकीची जोरदार थाप पडली तरी दुसऱ्या बाजूची ताकद कमी होत नाही, आणि एका चॅनलचा आवाज दुसऱ्यात झिरपत नाही. पण झिरपतो तरी किती? बऱ्या स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तो मूळ आवाजापेक्षा ६० डेसिबल किंवा त्याहूनही खाली असतो. तुमच्या रेकॉर्ड प्लेअरची पिनच मुळात डावं-उजवं २५-३० डेसिबलपर्यंत वेगळं करते. आईकडून नेलेल्या जुन्या मोनो तबकड्यांत तर दोन्हीकडे एकच आवाज. स्टिरिओ तबकड्या जगाच्या बाजारात आल्याच १९५७-५८ मध्ये. मग कसला वेगळेपणा विकत घेताय?

आणि तुमचा बोईसरचा हॉल १० बाय १२चा. स्पीकर ८७ डेसिबलचा असेल, तर १ वॅटला मीटरभरावर ८७ डेसिबल देतो. एवढ्यात घर भरतं. ५० वॅटचे १०० केले तर वाढतात फक्त ३ डेसिबल. शिवाय तुमच्या बिल्डिंगमधली निम्मी माणसं एमआयडीसीतून नाइट करून येतात आणि दिवसा झोपतात. ते १०० वॅट वाजवणार कधी, आणि त्यानंतर शेजाऱ्यांना तोंड कोण देणार? तूच ना!

मोनो-ब्लॉक स्पीकरजवळ ठेवला की वायर आखूड लागते, असं तो म्हणेल. म्हणू दे. घराच्या वायरिंगची दोन पॉइंट पाचची तांब्याची वायर पाच मीटर ओढलीस तरी जाऊन-येऊन रोध एका ओहमच्या दहाव्या भागापर्यंतही जात नाही. उलट दोन पेट्या दोन भिंतींच्या सॉकेटवर लावल्या की अर्थिंगची घुरघुर सुरू होण्याची भीती. मोठे ट्रान्सफॉर्मर एकदम चालू केले की एमसीबी पडतो, तो वेगळाच. त्यात तुमच्याकडची खारी हवा. जितक्या पेट्या तितके सॉकेट, तितके काळे पडणारे जोड.

केळवे-माहीमला वाडीतलं मोठं घर असतं, पडवीपर्यंत आवाज न्यायचा असता, स्पीकर ४ ओहमचे, भरपूर करंट ओढणारे असते, तर मीच म्हटलं असतं, घ्या मोनो-ब्लॉक.

एक मात्र नक्की अडव. 'दोन स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर घेऊन ब्रिज करू', म्हणजे प्रत्येकाचे दोन्ही चॅनल मिळून एकच स्पीकर चालवू, असं कुणी त्याच्या डोक्यात भरवलं, तर स्पीकर किती ओहमचे ते आधी बघ. ब्रिज केल्यावर आतल्या प्रत्येक भागाला ८ ओहमचा स्पीकर ४ ओहमसारखा वाटतो. ४ ओहमचा असला तर २. पेटी तापते, कधी जळतेसुद्धा.

तेव्हा चांगला एकच स्टिरिओ घ्या आणि उरलेले पैसे स्पीकरवर घाला. समोरच्या उघड्या भिंतीला जाड पडदा, टाइल्सवर सतरंजी. एवढ्यानेच आवाज केवढा बदलतो ते ऐकशील. आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घे, ते टाळू नकोस.

घ्यायला लॅमिंग्टन रोडला जा. विरारला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं, पूर्वेला. ऐकायला आपलीच गाणी न्या. दुकानदार लावतो त्या गाण्यावर कुठलाही स्पीकर छान वाजतो. नवऱ्याची शुक्रवारची सुट्टी बघून जा, रविवारी तिथली बरीच दुकानं बंद असतात.